चावी कुठे अडली?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवार व्याख्यानमालेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यानेच लिहून दिले आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी मधुमेहावर भाषण झालं, इच्छापत्रावर झालं. दोन्ही विषय मोठे आणि सगळ्यांना लागू पडणारे. त्यानंतर गाडीच्या चावीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे श्रीखंडानंतर ताक वाढल्यासारखं आहे. पण सचिवांचा आग्रह होता की, "सर, आयुष्यभर आयटीआयमध्ये मुलांना मोटार शिकवलीत, आता आम्हालाही एक तास शिकवा."

आपण इथे राहायला आलो तेव्हा खाली स्कूटरींची रांग असायची आणि चारचाकी बोटांवर मोजण्याइतक्या. आज पार्किंगची काय अवस्था आहे ते मी सांगत नाही. तो विषय वार्षिक सभेसाठी राखून ठेवू या. (हशा) गाड्या वाढल्या तशी माझ्या दारावरची थापही वाढली. बॅटरी उतरली म्हणून लोक येतात, पंक्चर झालं म्हणून येतात. पण जी माणसं खरी घाबरून येतात, त्यांचं वाक्य एकच असतं : "सर, चावी बंद होत नाहीये." गाडी सुरू होत नसेल तर माणूस चिडतो, रिक्षा करतो आणि जातो. गाडी बंदच होत नसेल तर तिला सोडून जाताही येत नाही. म्हणून आज हाच विषय घेतला.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगून टाकतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा : चावी अडली की जोर लावू नका, ती कुठे अडली ते पाहा. चावी अडते त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा, माझ्या अनुभवात तरी, कुलूप बिघडलेलं नसतं. कुलपाला घातलेली एखादी अट पुरी झालेली नसते, म्हणून ते नाही म्हणत असतं.

हे समजायला कुलूप कसं आहे ते थोडं बघू. पूर्वीच्या गाड्यांत चावी फक्त वीज चालू-बंद करायची आणि स्टार्टरची कळ वेगळी असायची. एकाच चावीने वीजही चालू आणि स्टार्टरही, ही सोय अमेरिकेत क्रायसलरने १९४९ साली आणली. पुढे चोऱ्या वाढल्या तेव्हा स्टिअरिंगला कुलूप आलं. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून नव्या मोटारींना असं चोरीविरोधी कुलूप कायद्याने सक्तीचं झालं. त्यामुळे आज आपल्या हातातली चावी एकाच वेळी दोन कामं करते. पुढच्या बाजूला ती एक यांत्रिक कुलूप फिरवते, त्यातला खिळा स्टिअरिंगच्या दांड्यात शिरतो. त्याच कुलपाच्या पाठीला एक विजेचा स्विच जोडलेला असतो, तो इंजिनाला आणि बाकीच्या उपकरणांना वीज देतो.

कुलपावर चार जागा असतात. लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. लॉकला स्टिअरिंग बांधलेलं. एसीसीला गाणी वगैरे चालू. ऑनला इंजिनाची वीज. स्टार्टला स्टार्टर फिरतो आणि हात सोडला की चावी स्प्रिंगने आपोआप ऑनवर परत येते. आता "चावी बंद होत नाही" या एकाच वाक्यात निदान चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. मी मुलांना वर्गात सांगायचो, आधी पेशंटला विचारा, कुठे दुखतंय.

पहिलं दुखणं : इंजिन बंद झालं, चावी एसीसीपर्यंत आली, पण लॉकला जात नाही आणि बाहेरही निघत नाही. सगळ्यांत जास्त आढळणारं हेच. चालत्या गाडीत चुकून चावी लॉकला गेली तर स्टिअरिंग बांधलं जाईल, म्हणून कारखान्याने इथे मुद्दाम अडसर घातलेला असतो. पुष्कळशा मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत चावी आत दाबून मगच फिरवावी लागते. काही गाड्यांत कुलपाशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबावं लागतं. दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली की हमखास इथे फसगत होते. ऑटोमॅटिक गाडीत अट वेगळी : गिअरचा दांडा 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये असल्याशिवाय चावी निघत नाही. दांडा पीमध्ये पूर्ण बसला की खाली एक छोटा स्विच दाबला जातो किंवा एक केबल ओढली जाते, आणि मग कुलूप चावी सोडतं.

इथे आपल्याच सोसायटीतली एक गोष्ट सांगतो. संबंधितांची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. एका वहिनींच्या यजमानांचं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं. गाडी ऑटोमॅटिक, चालवतात वहिनी. एक दिवस रुग्णालयाच्या आवारात चावी निघेना. चावी निघत नाही म्हणजे गाडी धड बंद करता येत नाही आणि उघडी सोडून वर जाता येत नाही. यजमान खुर्चीत बसलेले, त्यांना वर नेण्याची वेळ झालेली. शेवटी तिथल्या रखवालदाराला गाडीपाशी बसवून त्या वर गेल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एका ठिकाणी दाखवलं तर स्टिअरिंगचं अख्खं कुलूप बदलायला सांगितलं, खर्च पाच आकडी, आणि गाडी चार दिवस सोडावी लागणार. चार दिवसांत दोन डायलिसिस येतात. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पैशांपेक्षा त्या चार दिवसांचीच चिंता चेहऱ्यावर दिसत होती.

मी त्यांना एकच विचारलं, "वहिनी, चावी नेमकी कुठे अडते?" खाली जाऊन पाहिलं तर ऑनवरून एसीसीवर चावी लोण्यासारखी येत होती. म्हणजे कुलपाच्या आतल्या भागात काही अडकलेलं नव्हतं. मग मी गिअरचा दांडा पीमध्येच ठेवून पुढच्या बाजूला दाबून धरला आणि त्यांना चावी फिरवायला सांगितली. चावी निघाली. दांडा सोडून पुन्हा पाहिलं, पुन्हा अडली.

"म्हणजे कुलूप चांगलं आहे?"

"कुलूप उत्तम आहे. गाडी पार्कमध्ये आहे यावर त्याचा विश्वास बसत नाहीये."

दांड्याभोवतीचं झाकण उचललं तर आत चहाचा वाळलेला, चिकट थर. रुग्णालयात जाता-येता थर्मासमधला चहा गिअरशेजारच्या खोबणीत ठेवायचा, तोच कधीतरी सांडलेला. त्या चिकट्याने दांड्याचं बटण पूर्ण वर येत नव्हतं आणि खालचा स्विच नीट दाबला जात नव्हता. बॅटरीची तार काढून ठेवली, जुना टूथब्रश, कापूस आणि विजेच्या जोडांसाठी मिळणारा क्लीनरचा फवारा, एवढ्यावर अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. गाडी दुसऱ्या दिवशी वेळेवर डायलिसिसला गेली.

तेव्हा ऑटोमॅटिकवाल्यांनी हा क्रम लक्षात ठेवा. ब्रेक दाबा, दांडा एकदा न्यूट्रलपर्यंत आणा, परत पीमध्ये घट्ट न्या, पुढे दाबून धरा आणि चावी फिरवा. तेवढ्याने निघाली तर दुखणं गिअरच्या बाजूला आहे, कुलपाच्या नाही. काही गाड्यांत बॅटरी पार उतरली तरीही चावी अडकते. त्यासाठी हाताने सोडवायची सोय कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत बंद असते. ती एकदा उघडा.

दुसरं दुखणं : चावी ऑनवरच घट्ट, एसीसीलाही येत नाही. हे मात्र बहुधा कुलपाचंच. कुलपाच्या गाभ्यात पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. चावीच्या खाचा त्या पट्ट्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच गाभा फिरतो. वर्षानुवर्षांच्या वापराने चावी झिजते, पट्ट्या झिजतात, आत धूळ साठते. चावी फिरवताना एखादी पट्टी उचलली जाते आणि मध्येच गाभा अडतो. अशा वेळी चावी पूर्ण आत आहे ना ते पाहा, किंचित मागे-पुढे हलवत, हलक्या हाताने फिरवा. घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी त्याच कुलपात दुसऱ्या वेळी नीट चालत असेल तर दोष चावीचा समजा. पक्कड लावू नका. चावी आत तुटली तर शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

कुलपात खोबरेल तेल घालणारे आपल्याकडे बरेच आहेत. दोन दिवस छान वाटतं, नंतर त्याच तेलावर धूळ बसून कुलूप आणखी जाम होतं. ग्रॅफाइटची कोरडी पावडर मिळते, ती चिमूटभर पुरते. आणि डुप्लिकेट चावी करायची तर झिजलेल्या चावीवरून करू नका, नाहीतर झीजसुद्धा नक्कल होऊन येते. मूळ जादा चावीवरून किंवा चावीच्या क्रमांकावरून करून घ्या.

तिसरं दुखणं : चावी लॉकला आली, निघाली, हातात आली, आणि गाडी चालूच! इथे चावी आणि यांत्रिक कुलूप निर्दोष आहेत, दोष पाठीमागच्या विजेच्या भागात. स्विचमधले जोड तापून चिकटलेले असतात, किंवा इंजिनाचा रिले चिकटलेला असतो, किंवा कुलपाला स्विचशी जोडणारा तुकडा मोडलेला असतो. आणखी एक कारण मी अनेकदा पाहिलं आहे : बाहेरून बसवलेली उपकरणं. जादा हॉर्न, जादा दिवे, चोरीचा अलार्म यांची वायर चुकीच्या जागी जोडली की बंद केलेल्या लाइनीत उलटी वीज येते. बिघाड नवं काही बसवल्यानंतर सुरू झाला असेल तर आधी तेच काढून पाहा.

कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्या, पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी मारुती ८००, चावी काढल्यावरही कधी कधी धडधडत राहायच्या. त्यात विजेचा संबंध नसायचा. आतला तापलेला कार्बनच पेट्रोल पेटवत राहायचा. आजच्या गाड्यांत चावी बंद केली की पेट्रोलच थांबतं, म्हणून ते दुखणं गेलं. आणि एक खोटी भीतीही सांगतो. चावी काढल्यावर पुढून घुर्र आवाज येत राहिला तर आधी बघा, तो रेडिएटरचा पंखा तर नाही ना. इंजिन तापलेलं असलं की पुष्कळ गाड्यांत तो आपला आपण फिरतो आणि थांबतो.

चौथं दुखणं : गाडी सुरू झाली, पण चावी स्टार्टवरून ऑनला परत येत नाही. इंजिन चालू आणि स्टार्टरही फिरतोय, कर्कश घरघर होते. इथे क्षणही घालवू नका. स्टार्टर काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो; तो फिरत राहिला तर जळतो, वायरीही तापतात. चावी हाताने मागे आणा, इंजिन बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.

आता कठीण प्रसंग. इंजिन चालू आहे, चावी बंद होत नाही, आणि गाडी आपल्या खालच्या पार्किंगमध्ये उभी आहे. काय करायचं?

सगळ्यांत आधी गाडी उघड्यावर न्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पित्त झालं. आपल्या पार्किंगच्या तीन बाजूंना भिंती आहेत आणि वर पहिल्या मजल्याच्या खिडक्या आहेत. तिथे लहान मुलं झोपतात. उघड्या मैदानात गाडी तासभर चालू राहिली तर लिटरभर पेट्रोल जाईल, एवढंच. बंद जागेत ती चालू राहिली तर त्याची किंमत लिटरमध्ये मोजता येत नाही.

उघड्यावर आल्यावर, मॅन्युअल गाडी असेल तर उपाय सोपा. पुढे-मागे कोणी उभं नाही ते पाहा. हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक घट्ट दाबा, गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा. इंजिन धक्का खाऊन बंद पडेल. शिकताना आपण सगळ्यांनीच हे नकळत केलेलं आहे. ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही. तिथे पीमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा किंवा पुस्तिकेतला नकाशा बघून पेट्रोलपंपाचा फ्यूज काढा. उरलेलं पेट्रोल संपलं की इंजिन थांबतं. डिझेल गाडी असेल किंवा फ्यूज ओळखता येत नसेल तर गाडी उघड्यावर चालू ठेवून मेकॅनिकला बोलवा. तिच्याजवळ एक माणूस मात्र हवा.

एक गोष्ट अजिबात करू नका. असा प्रसंग आला की जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास ओरडतो, "बॅटरी काढा!" इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढली तर आल्टरनेटर वीज देतच राहतो, इंजिन बहुतेक वेळा थांबत नाही. उलट बॅटरीचा आधार सुटल्यामुळे विजेचा दाब एकदम उसळतो आणि गाडीचा संगणक जळू शकतो. बॅटरी काढायची ती इंजिन बंद पडल्यावर. चावी ऑनवर अडकलेली असेल तर तेव्हा ती काढायलाच हवी, नाहीतर रात्रीत उतरते. दहा नंबरचा पाना घ्या आणि आधी ऋण टोक काढा.

बटणाच्या गाड्यांना चावी फिरवायची नसते, पण प्रश्न तोच राहतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीचं ॲक्सिलरेटर पायपुसण्याखाली अडकलं. गाडी बटणाची होती. चालत्या गाडीत इंजिन बंद करायला ते बटण तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. गाडीतल्या चौघांचाही मृत्यू झाला. गाडी दुरुस्तीच्या काळात तात्पुरती मिळालेली, म्हणजे चालवणाऱ्याच्या सवयीची नव्हती. तुमच्या गाडीचं बटण किती वेळ दाबायचं, की लागोपाठ अनेकदा दाबायचं, ते आज घरी जाऊन पुस्तिकेत वाचा.

ॲक्सिलरेटर असं अडकलं तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, नाहीतर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. बाजूला उभी राहिल्यावर मग बंद करा. चावीची गाडी असेल तर ती धावत असताना चावी लॉककडे नेऊ नका.

आणि याच्या अगदी उलट गोष्टही घडलेली आहे. २०१४ साली जनरल मोटर्सला अमेरिका आणि इतर देशांतल्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या स्विचमधली चावी जागेवर धरणारी स्प्रिंग कमजोर होती. जड जुडग्याने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने चावी आपोआप ऑनवरून एसीसीला यायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नसे. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने त्यातले १२४ मृत्यू मान्य केले. एका छोट्या स्प्रिंगमुळे हे झालं. आपल्याकडे कपाटाची, दुकानाची, गावच्या घराची आणि वर गणपतीचं पितळी लॉकेट, अशा सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात असतात. गाडीची चावी वेगळी ठेवा. कुलपाची झीजही कमी होईल.

शेवटी, मेकॅनिककडे गेलात की "चावी खराब आहे" एवढंच सांगू नका. चावी कोणत्या जागेवर अडते, गिअर कशात होता, इंजिन चालू होतं की बंद, नवीन काही बसवलंय का, ही चार उत्तरं कागदावर लिहून न्या. त्या कागदामुळे चांगल्या मेकॅनिकचा वेळ वाचतो, आणि सगळंच बदलू पाहणाऱ्याला जरा विचार करावा लागतो. स्टिअरिंगचं कुलूप खरंच बदलायचं असेल तर रस्त्याकडेला छिन्नी-हातोड्याने काढू देऊ नका. त्याच्या बोल्टांची मुंडकी मुद्दाम तुटकी ठेवलेली असतात, ते काढायला कौशल्य लागतं, आणि समोरच एअरबॅग असते.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये दहा नंबरचा पाना, एक टॉर्च आणि 'चालू गाडी आधी उघड्यावर' एवढी एक ओळ लिहिलेली पाटी ठेवावी. रात्रपाळीच्या वॉचमनना मी स्वतः समजावून सांगेन, तसं त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे.

आता प्रश्न विचारा. ज्यांना गाडी दाखवायची आहे त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता खाली यावं, चहा मात्र गाडीत आणू नये. (हशा)